मोकळ्या जागा धरून

अर्जाची शेवटची तारीख आज, रात्री बारा.
चर्चच्या तळघरात हीटर खोकतो आहे
आणि मी, इफी मॅकआस्किल, वय एकाहत्तर,
मासळीच्या कारखान्यात अठरा वर्षं पगारपत्रकं लिहिलेली बाई,
एका बोटाने टाइप करते आहे.
समुद्रातला कॉड संपला, कारखान्याला टाळं लागलं,
त्या दिवशीही माझा हिशेब
एका सेंटाने चुकला नव्हता.

प्रश्न चार. संस्थेचे कार्य थोडक्यात सांगा.
अक्षरमर्यादा पाचशे, मोकळ्या जागा धरून.

थोडक्यात म्हणजे असं, की
डायलिसिसचं मशीन शहरात, इथून बासष्ट किलोमीटर.
बस होती, ती कारखान्यामागोमाग गेली.
आमच्याकडे एक व्हॅन आहे,
दार सरकवताना खालून लाथ मारावी लागते.
आणि लॉक्लन आहे,
ज्याला होडीने पहाटे चारला उठायची सवय लावली
आणि मग होडीच राहिली नाही.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
लॉक्लन म्हणतो, लिही ना सरळ,
नेताना सहा, आणताना सहा.
याहून मोठं काय असतं गं कुठल्या संस्थेचं?

पाचशेत बसेना.
मी दाराची लाथ काढून टाकली.

प्रश्न सात. लाभार्थींची संख्या.
मागच्या वर्षी सात लिहिले होते.
थिओफिल ब्वाद्रो फेब्रुवारीत गेला.
त्याला धरायचं का?
आणि त्याचा लाभ कुठल्या रकान्यात?
पूल आला की तो काच पुसून
बर्फाच्या फटीत सील शोधायचा,
दिसला की झोपलेल्यांना हलवून उठवायचा.
बहुतेक वेळा तो ओंडका असायचा.
त्याच्या सीटवर अजून कुणी बसत नाही.
ठरलेलं वगैरे काही नाही.
मिसेस पेटीपा तर पिशवीसुद्धा ठेवत नाहीत तिथे,
मांडीवर घेऊन बसतात बासष्ट किलोमीटर.

सातवा तसाच सोडून पुढे गेले.

प्रश्न नऊ. प्रकल्पामुळे घडलेला, मोजता येईल असा बदल.
लिहिलं: बदल होऊ नये म्हणूनच जातो आम्ही.
सोमवारचा माणूस बुधवारी असावा,
बुधवारचा शुक्रवारी.
वाचलं. पुसलं.
भाचीने फोनवर सांगितलेलं घातलं,
'आरोग्यसेवेच्या उपलब्धतेत लक्षणीय वाढ.'
छान आहे वाक्य.
दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखं,
वाऱ्याने हात हलतात, आत माणूस नाही.

प्रश्न अकरा. आमचे अर्थसाहाय्य संपल्यावर
आपला उपक्रम कसा तग धरेल?

इथे मी चहा करायला उठले.
फाउंडेशनला ज्या घराण्याचं नाव आहे
ते नाव मला पाठ आहे.
अठरा वर्षं माझ्या प्रत्येक पगारपत्रकाच्या माथ्यावर
निळ्या शाईत छापलेलं असायचं.
तुमचं संपल्यावर आम्ही कसा तग धरला,
हे खरं तर तुम्हाला
खिडकीतून दिसायला हवं होतं.
पण खिडकी तुम्ही विकलीत.

हे लिहिलं नाही.
लिहिलं, 'स्थानिक देणग्या, केकविक्री, स्वयंसेवक.'
लॉक्लनचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर ढकललं आहे,
तेही लिहिलं नाही.

पेट्रोल, विमा, हिवाळी टायर,
बारा हजार चारशे डॉलर.
दोनदा पडताळलं. तिसऱ्यांदाही.

अकरा एक्कावन्न.
सातव्या प्रश्नाचा चौकोन लाल झालेला,
रिकामा चालणार नाही म्हणतो.
आयुष्यात पहिल्यांदा मी
जाणूनबुजून चुकीचा आकडा घातला.
सात.
मोकळी जागा धरून.

बटण दाबलं. एक चक्र फिरत राहिलं बराच वेळ.
मग आभार आले, आणि
निर्णय सोळा आठवड्यांत कळवू.

सोळा त्रिक अठ्ठेचाळीस फेऱ्या.
पेट्रोलचा काटा पाववर आहे.
उद्या बुधवार,
काचेवरचा बर्फ खरवडायचं ते प्लास्टिकचं
लॉक्लनने कुठे ठेवलंय कोण जाणे.
हीटर बंद केला,
तरी थोडा वेळ खोकत राहिला.