राखाडी

सांगाडा मार्चातच पुरा झाला होता.
डेकच्या फळ्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या,
धुरांडं वाटाण्याच्या डब्यातून कापलेलं,
कठड्याला टाचण्या, चारशे बारा,
आणि दोरखंडाला ग्वेनच्या मोज्याचा
उसवलेला धागा. ती असती तर विचारलं असतं.
नसतंही कदाचित.

अडलं ते रंगापाशी.

फोटो सात. सगळे काळेपांढरे.
समुद्र राखाडी, आभाळ राखाडी, खलाशांची तोंडं राखाडी,
मग जहाज कुठलं राखाडी?
दुकानात त्याच्याच अकरा बाटल्या निघाल्या.
सगळ्या आणल्या, पत्र्यावर पट्टे ओढले,
खिडकीशी नेऊन धरले.
वॉल्नीच्या खाडीवरचा उजेड
तासातासाला शब्द फिरवतो.

आणि हे जहाज मी रंगवलेलं आहे.
खरं. गोदीत, पंधराव्या वर्षी,
दोराच्या फळीवर लोंबकळत.
नाकात बसलेला वास अजून आठवतो,
हात दुखायचा तो आठवतो.
रंग नाही.

हिल्डा किचिन कुंपणापलीकडून म्हणाली,
बटाटे उकरता उकरता, मान वर न करता,
"माझ्या बापाचं खुराडं बघ की, विल्फ.
जेवणाचा डबा भरलेला न्यायचा
आणि भरलेलाच आणायचा."

खरंच की. त्या काळी या गावात
निम्मं आरमार परसातच उभं होतं:
फाटकं, कोळशाची कोठारं, सशांचे पिंजरे,
टायसनांच्या घरी तर पाळणासुद्धा.

सुरी घेऊन दारापाशी बसलो.
आत कबुतरं घुमत होती, जणू मी चोर.
वरचा हिरवा गेला. मग पांढरा.
मग निळा, हिल्डाच्या लग्नातला.
आणि त्याखाली, नखाएवढा,
ओहोटीनंतर चिखलावर
पाण्याचा पापुद्रा राहतो ना,
तो.

चौथ्या बाटलीचे सहा थेंब, नवव्याचे दोन,
हिरव्यात नुसतं बुडवून काढलेलं काडीचं टोक.
तीन पातळ हात. मध्ये एकेक रात्र.
बुडाला तांबडा दिला, तोही तीनदा,
जरी ते बूड आता कायम
फळीवर टेकलेलं राहणार.
आमचा मुकादम हात फिरवून बघायचा तिथेच.

हिल्डाने चष्मा पुसला, वाकून पाहिलं.
"छान आहे," म्हणाली. "पण हे कुठे गेलेलं वाटत नाही."

रात्री परत खुराड्याशी गेलो.
बिजागरीचा गंज कागदावर खरवडला,
चिमूटभर,
आणि नांगराच्या भोकाखाली बोटानेच ओढला.
मग हात थरथरायच्या आत, श्वास धरून,
मागच्या बाजूला नाव.
शेवटचं अक्षर थोडं वर गेलं.
राहू दिलं.

खरं जहाज भंगारात गेलं, मी तिशीत असताना.
कुणाच्या तरी घरी चमचे असतील त्याचे.

"आणि माझं दार?" हिल्डा म्हणाली.
डबीच्या तळाशी होता अजून,
एक टिपका भरेल इतका.
जिथून घेतला तिथेच लावला.
हिरव्या दारावर तेवढंच
आरमार.
वाळायच्या आत एका कबुतराने
त्याला पंख लावला.