राक्षसाचा दात

जिन्याखालची जागा मोजली: सव्वा मीटर.
शेजारच्या डोरीनबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या लेकानं
शिलाईचं टेबल फुटपाथवर काढून ठेवलं होतं.
हॅलिफॅक्सच्या त्या चढावर
दर दहा पावलांना टेकवत आणलं,
मी आणि पोस्टमननं.

खणात सुया निघाल्या, खडूचा तुकडा, एक अंगुस्तान.
सुईनं आता गोंदाच्या नळीचं तोंड मोकळं करते.
अंगुस्तानात पाणी.
टेकअवेच्या डब्यात ओला स्पंज, वर बेकिंग पेपर;
रंग त्यावर रात्रभर जागा राहतो.

दिवसा लॅबमध्ये मी दात करते. माणसांचे.
कुणाला पांढरेशुभ्र हवेत,
कुणाला होते तसेच, चहाच्या डागांसकट.
रात्री हा राक्षस, बुचावर चिकटवलेला, अंगठ्याएवढा.
जबड्यात सात दात, आठव्याची नुसती जागा.

आधी काळं अस्तर. ते फवारायला परसात जावं लागतं,
आणि इथली हवा कोरडी असेल तर ना!
तीन रविवार वाट पाहिली.
मग तपकिरी ओघळ, मग कोरड्या ब्रशनं कडा.
बुबुळाचा ठिपका ठेवताना श्वास रोखायचा,
आणि कुणी जिना उतरू नये.

विद्याधर उतरतोच.
"झाला का गं तुझा गणपती?"

डावा डोळा तिरळा झाला.
राहू दे. तिरळाच बरा, जरा भिडस्त वाटतो.

दातांना मी ए-थ्री दिला.
डोरीनबाईंची शेड.
कवळी मीच केली होती त्यांची,
हसल्या तरी कळायचं नाही कुणाला.