आडवी मान

दाभोळला, फेरीबोटीच्या धक्क्यापलीकडच्या यार्डात
जुना ड्रेजर दुरुस्तीला चढला
आणि तो तपासायला बल्गेरियातून निकोलिनाबाई आली.

पहिल्याच दिवशी माझा सांधा तिनं टॉर्च मारून पाहिला
आणि मान आडवी हलवली.
मी घासला, परत भरला.
तिनं पाहिलं. मान आडवी.
तिसऱ्यांदा ग्राइंडर लावला तेव्हा तिनं प्लगच उपटला.
अरे, सकाळपासून हो म्हणतेय ना मी!

त्यांच्याकडे आडवी म्हणजे हो. उभी म्हणजे नाही.
म्हणजे आठवडाभर शुक्रवारपर्यंत होईल, होईल म्हणून
आम्ही डोकी डोलवली
आणि ती मुंबईला कळवत राहिली, होणार नाही म्हणतात.
झालंही नाही, ते सोडा.

नजमुद्दीन परकार घाईला आला की ती म्हणायची,
काम म्हणजे ससा नाही, रानात पळून जात नाही.
हे वाक्य यार्डाला फार मानवलं.
चहाला ससा, हजेरीला ससा.
तीच बाई मग रात्री दहापर्यंत
टाकीच्या पोटात, गुडघ्यांवर.
हेड ऑफिसचा कागद आला तरी आधी स्वतः मोजणार.
वरून आलेलं तपासून घ्यावं, म्हणायची,
आमच्याकडे वरून बरंच काही आलं होतं.

सहा डिसेंबरला तिनं बाजारात मासा मागितला.
सुरमई नको. खवलं हवं, मोठं.
सुगंधा खारवीण हसली, तांबोशी दिली.
संध्याकाळी स्टोअरची किल्ली द्यायला मी क्वार्टरवर गेलो
तर टेबलावर अकरा ताटं.
भाजलेला मासा, पाव, मीठ.
ती एकटी, इस्त्रीचा झगा घालून, दाराकडे तोंड करून.

तिच्या नावाच्या संताचा दिवस.
ज्याचं नाव त्याचं दार उघडं.
बोलावणं करत नाहीत, लोक येतातच.
आणि आमच्याकडे बोलावल्याशिवाय
सख्खा भाऊ पाटावर बसत नाही.

काम ससा नसेल. त्या संध्याकाळी मी झालो,
धक्क्यापर्यंत.
परकार शहाळी घेऊन आला,
बारक्या पाटणे अंघोळ करून, ओल्या केसांनी.
एकूण आठ जमलो. मासा गार झाला होता.
उरलेली ताटं तिनं उचलली नाहीत, झाकून ठेवली.
निघताना प्रत्येकाच्या हातावर एकेक खवलं.
पाकिटात ठेव, पैसा टिकतो.

पौषाच्या उधाणाला ड्रेजर उतरला.
परत येणार का, मी विचारलं.
तिनं मान हलवली. उभी.
आमच्या रीतीनं की तिच्या,
तेवढ्यात जीप सुरू झाली.

खवलं अजून पाकिटात आहे. पैसा नाही.
घरी बायको विचारते, भात वाढू आणखी?
मी मान हलवतो, आडवी,
आणि ती टोप उचलून नेते.