वातावरण

घरं दाखवणारी ग्रेचेन
वस्तीबद्दल चकार शब्द काढत नाही.
कायद्याने बोलता येत नाही, म्हणते,
आणि फोन पुढे करते : शाळांचे आकडे बघा.
दहापैकी नऊ. दहापैकी तीन.
नऊच्या बाजूला झाडं जुनी, अंगणं रुंद.
तीनच्या बाजूला सध्या आम्ही राहतो,
भाड्याने.

मिलवॉकीतल्या मंडळाच्या हळदीकुंकवात
सुलक्षणावहिनी हातावर तिळगूळ ठेवत म्हणाल्या,
"शिक्षक चांगले असतीलही गं,
पण वातावरण?"

बाहेर उणे सोळा होतं.
तळ्यावरचा वारा कानाच्या पाळ्या सोलत होता.
त्या वातावरणाबद्दल वहिनी बोलत नव्हत्या
हे मला कळलं.
इतक्या पटकन कळलं
की गाडी तापेपर्यंत मी नुसती बसून राहिले.

इचलकरंजीत, नगरपालिकेच्या शाळा नंबर अकरात
सुरेखा वाघमारे आणि मी एका बस्करावर.
पाटीवरची पेन्सील मोडून दोघींत वाटायचो,
थोडी लिहायला, बाकीची खायला.
तिसरीत आईने माझा दाखला काढला.
का, तर वातावरण.
जात हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नाही.
गरजच पडली नाही.
पाढ्यांत सुरेखा माझ्या पुढे होती,
एकोणतीसचा तर घडाघडा.
तिचं पुढे काय झालं
ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

श्रीधर म्हणतो, आपल्याच पोरीवर प्रयोग कशाला?
मी म्हणते, तिथे दोनशे ऐंशी पोरं रोज जातात,
त्यांच्यावर कुणाचा प्रयोग चाललाय?
वाक्य छान झालं.
तो भांडी लावत राहिला,
आणि मला माहीत होतं, भीती मलाही आहे.

गुरुवारी सईला घेऊन तीनची शाळा बघायला गेले.
रेडिएटर खडखडत होता, एक खिडकी पुठ्ठ्याने बुजवलेली.
दुसरीच्या वर्गात एक मुलगा
गांडुळाला हृदयं किती, यावर
बाईंशी हुज्जत घालत होता,
आणि बाई त्याला घालू देत होत्या.
मी मात्र डोकी मोजत होते.
काळी किती, गोरी किती, आपल्यातलं एखादं तरी.
सईही मोजत होती.
काचेच्या पेटीतले मासे. पाच. एक लपलेला.

रांगेत माझ्या मागे योलांडा प्रुइट,
नर्सच्या निळ्या कपड्यात, रात्रपाळी करून तशीच आलेली.
तिने कागदावर प्रश्न लिहून आणले होते :
गणिताला कायमचा शिक्षक कधी मिळणार,
माझ्या मुलाला मागच्या शाळेत चारदा वर्गाबाहेर काढलं,
इथे किती जणांना काढतात, आणि कुणाला.
माझ्याकडे असला एकही प्रश्न नव्हता.
मग माझ्याकडे वळून, अगदी सहज :
"तुम्ही येणार आहात, का नुसतं बघून जाणार?
बघून जाणारे बरेच असतात.
नंतर पलीकडे घर घेतात."

मी हसले.
हसण्यासारखं काही नव्हतं.

रात्री अर्ज उघडला.
पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी.
मुदत सोमवारपर्यंत.
वातावरण कसलं हवं, असा रकाना नाही,
तो आपण घरून भरून आणतो.
पहिल्या चौकटीत तीनच्या शाळेचं नाव लिहिलं.
पुसलं. आईला फोन लावला,
तिच्याकडे सकाळ, तिला विचारलं,
सुरेखा वाघमारे आठवते का गं?
बराच वेळ नुसता मिक्सरचा आवाज.
मग आई म्हणाली,
"कोण, ती हुशार होती ती?"

झोपताना सई म्हणाली, माझा एक हातमोजा तिथेच राहिला.
पिवळा. माशांपाशी.
उद्या जाऊन आणावा लागेल.