गोठ्यावरचा दिवा

हेल्वे पहिल्यांदा दारात आली ती दिव्याची तक्रार घेऊन.
हातात घरच्या काळ्या पावाची लादी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
म्हणजे भांडण नव्हतं, आर्जव होतं.
"तुमच्या गोठ्यावरचा तो दिवा," ती म्हणाली,
"माझ्या नळीत शिरतो."

सारेमा बेटावर ऑक्टोबरनंतर
आभाळ महिन्यातून चार रात्री उघडतं.
त्या चारांतल्या दोन चंद्र खातो.
"आला मेला," ती त्याला म्हणते,
जसं कुणी तिकीट तपासनीसाला म्हणावं.

शाळेत रसायन शिकवायची. निवृत्तीच्या पैशातून
दुर्बीण घेतली, आठ इंची;
टपालवाल्याने बंब समजून ती तळघरापाशी नेऊन ठेवली होती.
आता ती एका मेलेल्या, नाही,
मरत असलेल्या ताऱ्याचे फोटो काढते.
ग्रहीय तेजोमेघ म्हणतात त्याला. ग्रहाशी संबंध काडीचा नाही.
कुणाला तरी कधी तसा गोल दिसला, नाव चिकटलं,
जसं आमच्या वस्तीला गिरणी म्हणतात
आणि गिरणी माझ्या आजोबांनीही पाहिली नव्हती.

दहा मिनिटांचा एक फोटो. त्यात काहीही नसतं.
मी पाहिलाय : राख फासलेला चौकोन,
त्यावर उपग्रहाची रेघ, पोराने भिंतीवर ओढावी तशी.
मग दुसरा. त्यातही काही नाही.
असे दोनशे सेहेचाळीस काही-नाही
एकावर एक रचायचे.
शिवाय झाकण लावून आणखी वीस.
"अंधाराचेही काढावे लागतात," ती म्हणाली,
"कॅमेऱ्याचा स्वतःचा अंधार असतो. तो वजा करायचा."

दिवा लेइदासाठी होता.
डेअरीतली रात्रपाळी संपवून ती सायकलवरून यायची,
वळणावर खड्डा आहे.
सहा वर्षं झाली, वळणावरून कुणी येत नाही.
खड्डा आहे.
हेल्वेला मी हे सांगितलं नाही.
पाव घेतला. म्हणालो, बघतो.

त्या रात्री बटण दाबलं
आणि गोठा एकदम कुठेच नव्हता.
शेळ्या जरा कुरकुरल्या.
मग डोळे सरावले, वळण दिसलं,
दिव्यात कधी दिसलं नव्हतं इतक्या लांबपर्यंत.

दोन हिवाळे गेले. कोल्ह्याने एकदा वायर कुरतडली.
उणे अकरात हेल्वे हेअर ड्रायरने
भिंगावरचं दव वाळवत उभी असायची,
अंगावर नवऱ्याचा जुना मासेमारीचा कोट.
मी खिडकीतून पाहायचो. तिचा लाल टॉर्च हलायचा.

मार्चमध्ये तिने बोलावलं.
पडद्याच्या मध्यावर एक कडं,
ओला पेला टेबलावरून उचलला की राहतं तसं,
हिरवट, एका बाजूने तुटलेलं.
"इतकंच?" मी विचारलं.
"इतकंच," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून दिली.
"हिरवं दिसतंय तो प्राणवायू. त्याने सोडलेला."

बराच वेळ बसलो. चहा गार झाला.
घरी परतताना वळणावर
सवयीने खड्डा चुकवला,
अंधारात.