लेगबाय

क्रॉस मैदानाच्या कडेच्या तंबूत, दुपारी चारनंतर,
हिरव्या चटणीचा डाग पडलेल्या टेबलाभोवती
कमिटी बसली. विषय एकच, सुहास वैती.
कंपनीच्या पटावर ठेवायचा, की मार्चनंतर सोडायचा.

मला म्हणाले, बांदिवडेकर, वह्या काढा.
काढल्या. अकरा सीझन, सात वह्या.
एकीला वाळवी लागलीय, पण फक्त गोलंदाजीच्या बाजूने.

कोठारे अकाउंट्सचे. बोटाला थुंकी लावून पानं उलटतात.
एकतीसशे पन्नास धावा, त्रेसष्ट वेळा बाद,
सरासरी पन्नास. पूर्णांक शून्य शून्य. मान्य, म्हणाले,
पण नऊ शतकं, आणि त्यातल्या सहा सामन्यांत आपण हरलो.
हा चांगला खेळला की आपण हरतो,
याला काय म्हणायचं?

याला बाकीचे दहा जण म्हणायचं, लोपीस म्हणाला
(एकेकाळी त्याचा चेंडू कानाजवळून शिट्टी वाजवत जायचा,
आता गुडघा धरून उठतो).
आग लागली तेव्हा बादली घेऊन धावला तो,
आणि काडेपेटी तुम्ही त्याच्याच खिशात शोधताय.

सगळे हसले. कोठारे नाही.
त्यांनी चेंडू मोजून आणले होते.
एका शतकाला दोनशे चौदा!
आणि चहापानाआधीची वीस मिनिटं बघा,
दर सामन्यात, एकही धाव नाही. उपास असल्यासारखा.
पगार आपण धावांचा देतो, की उभं राहण्याचा?

उभं राहण्याचाच, लोपीस म्हणाला.
चहापानाआधी सूर्य कुठे असतो इथे, माहितीये?
बोलरच्या हाताच्या बरोबर मागे.
एकदा या पॅड बांधून.

मॅनेजर मोबाइलमध्ये होते.
ज्युनिअर पोरगा लॅपटॉप उघडून मला म्हणाला,
काका, हा खेळत असताना
पलीकडच्या टोकाचे किती टिकले, तसा काही रकाना आहे का?
नाही. धावा, मिनिटं, चौकार, कसा बाद, कोणी केला.
दोन षटकांच्या मधे चालत जाऊन
हा नवव्या नंबरच्या पोराला काय सांगतो,
त्याला मी कुठे लिहू?

मी गप्प बसलो. मला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती.
वही पाचवी, पान एकतीस, माटुंगा.
वैती नव्व्याण्णववर. चेंडू पॅडला लागून फाइन लेगला गेला,
एक पळाले. अंपायर डोळ्यातली धूळ काढत होता.
टाळ्या आधी वाजल्या, मी नंतर लिहिलं:
एक. त्याच्या नावावर.
एकतीसशे एकोणपन्नासला त्रेसष्टांनी भागा.
कोठाऱ्यांना ते शून्य शून्य दिसलं नसतं.

निर्णय पुढच्या मंगळवारवर गेला.
सँडविचचे पैसे कोणी द्यायचे, यावर मात्र लगेच एकमत झालं.

सहाला वैती किटबॅग घ्यायला आला.
वह्या बाहेर? एवढंच विचारलं.
उभ्याउभ्याच पाचवी उघडली, शोधावं न लागता पान एकतीस.
बोट खाली नेलं. घरत, नाबाद बावीस.
या बावीसवर रेल्वेत लागला तो, म्हणाला,
मुलगी झाली परवा. पेढे आणले नाहीत साल्याने.

मग बोट वर आलं, स्वतःच्या ओळीवर.
पॅडला लागला होता.
मी म्हणालो, अंपायरने खूण केली नाही.
त्याला दिसलं नव्हतं. तुला दिसलं होतं.

तंबूचे दोर सोडायला माळी आला होता,
एक टोक वैतीने धरलं, एक मी.
कापड मधोमध ओझ्याने खाली लोंबत राहिलं.

खोडरबर माझ्या खिशात कायम असतो.
वही मात्र मी पहिल्यापासून शाईने लिहितो.