काचेवर टकटक

पत्र आलं तेव्हा मी नांगर धूत होतो,
बर्फाचा नांगर, ट्रकच्या तोंडाला बांधतात तो.
रस्त्यावरचं मीठ धुतलं नाही तर पोलाद खातं.
कार्लीननं लिफाफा काखेत धरून आणला,
हात पिठाचे होते म्हणून.

"आपल्या मुलीत असामान्य बौद्धिक क्षमता आढळली आहे."
आढळली.
रस्त्याकडेला हरीण आढळावं तशी.
बारा वर्षं पोरगी आमच्याच टेबलाशी जेवतेय.

पुढे लिहिलं होतं: सतराव्या वर्षी देतात ती परीक्षा
सिग्नीनं आत्ताच द्यावी, फार्गोला, शनिवारी सकाळी आठला.
गुण बरे पडले तर उन्हाळ्यात तीन आठवडे विद्यापीठात.
आणि फी, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात:
आमच्या पिकअपचा नवा गिअरबॉक्स, वर दोन टायर.

मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या, पाठवा.
वर्षभर त्यांनी तिला मागच्या बाकावर
इतरांच्या वह्या तपासायला बसवलं होतं.
हे त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं.
माझी बहीण म्हणाली, पोर आहे, मक्याचं कणीस नव्हे,
भरलंय का ते सोलून बघायला.
कार्लीननं लिफाफ्याच्या पाठीवर आकडे मांडले,
खोडले, पुन्हा मांडले.
हाल्वर, तिचा जुळा, सात मिनिटांनी धाकटा,
काही बोलला नाही.
चाकूनं चार पेन्सिली तासून ठेवल्या तिच्यासाठी.
नुसत्या आवाजावरून तो सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय.
त्याची परीक्षा फार्गोला होत नाही.

शनिवारी उणे बावीस.
दाराच्या काचेतून पाहिलं: दाढी फुटलेली पोरं,
आणि तिसऱ्या रांगेत सिग्नी. पाय जमिनीला पोचत नव्हते.
लोंबत्या बुटांवरचा बर्फ वितळून
खुर्चीखाली थेंब थेंब डबकं होत होतं.

बाहेर बाकावर आम्ही आईबाप, कागदी कपातली कॉफी घेऊन.
एकजण म्हणाला, माझा थोरला जाऊन आला दोन उन्हाळे.
आता घरी आला की आमच्याशी हळू बोलतो,
आम्हाला कळेल असं.
एक बाई म्हणाली, माझी मुलगी जेवेनाशी झाली होती,
तिथे गेली आणि जेवायला लागली.
मी दोघांवरही विश्वास ठेवला.
दुसरं करणार काय?

परतताना कॅसलटन मागे पडेपर्यंत ती गप्प.
मग म्हणाली, "सुट्टीत एक मुलगा मला म्हणाला, तुझं उत्तर चूक आहे.
आम्ही भांडलो. पाठीमागच्या कागदावर करून दाखवलं त्यानं.
बाबा, चूक माझीच होती!"
आणि हसली.
हे हसू मी आधी ऐकलं नव्हतं. गाडी थोडी सरकली माझ्या हातून.

शोध म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
वीस हिवाळे मी तेच करतो.
ढिगाऱ्यातून एरियलचं टोक दिसतं,
उतरायचं, हातानं बर्फ सारायचा, काचेवर टकटक करायची.
आतला माणूस बघतो तुमच्याकडे,
जणू जगात दुसरं कुणी उरलंय यावर त्याचा विश्वास बसत नाही.
पण नुसती टकटक करून पुढे जाता येत नाही.
त्याला कुठेतरी उबेत न्यावं लागतं,
आणि ती जागा दर वेळी माझ्या वाटेवर नसते.

आणि ज्याचं एरियल दिसतच नाही,
त्याच्या अंगावरून माझा नांगर किती वेळा गेला असेल,
हे मी कार्लीनलाही सांगितलेलं नाही.

उत्तर कळवायची मुदत शुक्रवारी संपते.
काल हाल्वर पिकअपमध्ये शेजारी बसला होता.
दुसरा गिअर टाकला, खालून दात खाल्ल्यासारखा आवाज आला.
त्यानं डोळे मिटून ऐकलं.
"ऑगस्टपर्यंत टिकेल," म्हणाला. "बदलू नका."

त्याचा अंदाज आजवर चुकलेला नाही.
पण हे बोलताना
तो माझ्याकडे बघत नव्हता.